न शिकवता मारणाऱ्या पेशी

निरोगी उंदराच्या पांढऱ्या पेशी कसलीही पूर्वतयारी नसताना कर्कपेशी मारतात, ही सत्तरच्या दशकात अनेकांना प्रयोगातली खोट वाटे. 1975 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या रॉल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन, हान्स विगझेल यांनी आणि अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी त्यामागची वेगळीच पेशी दाखवली: नॅचरल किलर.

प्रयोगशाळेत मी त्यांचीच चाचणी करत आले. किरणोत्सारी क्रोमियम-51 भरलेल्या के-562 या कर्कपेशींवर रक्तातल्या पेशी सोडायच्या आणि 37 अंशांवर चार तास ठेवायच्या. पेशी फुटली की क्रोमियम वरच्या द्रवात उतरतं. गॅमा काउंटरवर आकडा चढताना पाहून मी अजूनही हरखते.

या पेशी आपली शिकार ओळखतात कशा, हे कोडं पुढे क्लास कारे यांनी सोडवलं. स्वतःची एमएचसी-1 ही ओळखखूण हरवलेली पेशी नॅचरल किलरच्या तावडीत सापडते. टी-पेशींना चुकवायला काही विषाणू ही खूण लपवतात आणि नेमके इथे अडकतात. इतका देखणा विचार मला या शास्त्रात दुसरा दिसला नाही.

कोविडमध्ये मात्र गंभीर रुग्णांच्या रक्तात या पेशी घटलेल्या आढळल्या. उरलेल्यांचा माराही दुबळा. 2021 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी त्याचं एक कारण दाखवलं: टीजीएफ-बीटा हे प्रथिन अवेळी वाढून त्यांचे हात बांधतं.