असील आणि ब्रॉयलर

‘अस्सल’ आणि ‘असील’ हे दोन शब्द एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. पहिला आपण सोन्याला आणि दस्तऐवजाला लावतो; दुसरे नाव आहे आंध्र, छत्तीसगड व ओडिशा या भागांत आढळणाऱ्या कोंबड्यांच्या एका जातीचे. उंच मान, रुंद छाती आणि झुंजीत माघार न घेणारी वृत्ती ही तिची लक्षणे होत. देशी कोंबडी चवीची पण खुरटी, आणि विलायती वजनाची पण बेचव, असा समज आपल्याकडे रूढ आहे. असीलाचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज किती अपुरा आहे ते ध्यानात येते.

१९व्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात असीलाचा संकर इंग्रजी झुंजार कोंबड्यांशी करण्यात आला. बंगालच्या फौजेतील सेनानी सर वॉल्टर गिल्बर्ट यांना परंपरेने त्याचे श्रेय दिले जाते. हेतू झुंजीचा होता. पण निपजलेला पक्षी झुंजीला जड ठरला. मात्र त्याच्या छातीवर मांस विपुल होते. प्रथम ‘इंडियन गेम’ म्हणून ओळखला गेलेला हाच पक्षी पुढे अमेरिकेत ‘कॉर्निश’ या नावाने रुजला. तेथे १९४८ साली ‘उद्याची कोंबडी’ या स्पर्धेच्या अंतिम फेरीत कॉर्निश व न्यू हॅम्पशायर यांच्या संकराने बाजी मारली. आजच्या ब्रॉयलरचे पितृकुल मुख्यतः कॉर्निशचे आणि मातृकुल व्हाइट प्लिमथ रॉकचे आहे. ज्याला आपण परके म्हणतो, त्याच्या वंशवेलीत आपला असील आहे!

मग एवढा फरक पडला कशाने? निवडीने. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतील वाणांची पिले एकाच खाद्यावर वाढविली गेली. छप्पन्नाव्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम भरली.

या वेगाचे मोलही द्यावे लागते. पायांतील व्यंगे, हृदयावरील ताण, छातीच्या मांसाला येणारा राठपणा हे दोष अतिवेगाने वाढणाऱ्या पक्ष्यांत दिसतात. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत बाजारात येतो, म्हणून त्याचे मांस मऊ असते. देशी पक्षी कित्येक महिने हिंडून-फिरून वाढतो. वयाबरोबर त्याच्या स्नायूंना जोडणारे तंतू पक्के होतात. त्यामुळे मांस शिजायला वेळ लागतो, पण त्याला घट्टपणा व चव येते. झाबुआच्या भिल्ल-भिलाल्यांनी जतन केलेला कडकनाथ क्वचितच दोन किलोंच्या पुढे जातो. तथापि त्याच्या काळ्या, कमी चरबीच्या मांसाला मागणी आहे, आणि २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलापासून ‘निर्भीक’ आणि कडकनाथापासून ‘श्यामा’ हे संकर परसातील पालनासाठी सिद्ध केले. परंतु संकर करावयाचा तर मूळ वाण शुद्ध राहिला पाहिजे. बाजार वजनाचे पैसे मोजतो. वाण राखण्याचे पैसे कोणी मोजत नाही. ते काम आजवर खेड्यातील आणि पाड्यावरील गरीब कुटुंबांनी बिनमोबदला केले. त्यांच्या अंगणातून असील नाहीसा झाला, तर उद्या नवे वाण घडवायला बियाणे कोठून आणावयाचे, हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच शासनाचाही आहे.