रस्त्यावरचे सूर : मंडईत मान, शहरात भीक

भंडारा, प्रतिनिधी

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यातील गावांना मंडईचे वेध लागतात. भाऊबीजेपासून सुरू होणारी ही एकेका गावची जत्रा पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीचे खास वैशिष्ट्य आहे. माहेरवाशिणी येतात, दुकाने थाटली जातात, सोयरिकींची बोलणी होतात आणि भर चौकात दंडार किंवा खडी गंमत रंगते. तिला ना पडदा लागतो, ना तिकीट. मात्र हेच गाणे शहराच्या चौकात कुणी गाऊ लागला, तर कायद्याच्या लेखी तो भिकारी ठरू शकतो.

उभ्याने रंगणारी कला

खडी म्हणजे उभी. ढोलकी, डफ, तुणतुणे वाजविणाऱ्यांसह सारे कलावंत उभ्यानेच खेळ सादर करतात. गण, गौळण, लावणी, वग असा हा तमाशाचाच वैदर्भी अवतार. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. अनेकदा दोन शाहिरांचा सवाल-जवाबही रंगतो. गाव वर्गणी काढून कलावंतांना बोलावते, बिदागी देते. खूश झालेला प्रेक्षक वर बक्षीसही देतो. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसोबतच या लोककलांचाही सविस्तर अभ्यास केला आहे.

आमंत्रणाविना दारोदार फिरणाऱ्यांची परंपरा निराळी. मोरपिसांची टोपी घातलेला, पहाटे चिपळ्या वाजवीत येणारा वासुदेव. किंगरीवर भर्तृहरी व गोपीचंदाच्या कथा गाणारे नाथपंथी जोगी हे या परंपरेचे वारकरी. त्यांना मिळणारे धान्य वा पैसे हे दान मानले जाई.

कायदा काय सांगतो?

१९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाने सार्वजनिक जागी दान मागणे किंवा स्वीकारणे ही भीक ठरविली. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे यांच्या मिषाने पैसे घेणेही याच व्याख्येत येते. दोषी ठरल्यास पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातील प्रमुख तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या.

विशेष म्हणजे, हेच राज्य वृद्ध कलावंतांना मानधनही देते. १९५४-५५ पासून चालत आलेल्या या योजनेत २०२४ पासून दरमहा पाच हजार रुपये मिळतात.

कायद्याहून घातक ठरतो तो संशय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. अनोळखी फिरस्त्याला गावात ओळख उरली नाही, तर काय घडते याचे हे भीषण उदाहरण होय.

जगातील शहरांनी काढलेला मार्ग

परदेशी महानगरांनाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९८० च्या दशकात निवड चाचणी घेऊन वादकांना ठरावीक जागा देणारा उपक्रम सुरू केला. पॅरिसच्या मेट्रोत १९९७ पासून निवडलेल्या वादकांना अधिकृत परवाना मिळतो. लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ मध्ये परवाना पद्धत आणली. तेथे वादकाची जागा जमिनीवर अर्धवर्तुळ आखून दर्शविली जाते. मुंबईतही २०१२ च्या सुमारास ‘नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स’ या संस्थेने रीतसर परवानगी घेऊन रेल्वे स्थानकांवर कलावंतांचे कार्यक्रम घडविले.

अर्थात परवान्याने श्रोते मिळतातच असे नाही. १२ जानेवारी २००७ रोजी विख्यात व्हायोलिनवादक जोशुआ बेल यांनी वॉशिंग्टनच्या मेट्रो स्थानकात ओळख लपवून सुमारे ४३ मिनिटे वादन केले. हजाराहून अधिक लोक समोरून गेले. थांबून ऐकणारे केवळ सात जण निघाले.

मंडईतल्या शाहिराला मात्र जागा, वेळ आणि ऐकायला आलेले गाव, तिन्ही एकाच दिवशी लाभतात. शहरांना निदान यातील पहिल्या दोन गोष्टी देणे अवघड नाही. बाजारपेठेतील एखादा चौक, बागेतला कट्टा किंवा बसस्थानकाचा कोपरा ठरावीक वेळी कलावंतांसाठी राखून ठेवला आणि हाती ओळखपत्र दिले, तरी पोलिसांचा धाक व लोकांचा संशय बराच ओसरू शकेल.