कुर्ल्याच्या फियाटचे इंजिन : सुधारणा की बदल

जुन्या स्पोर्ट्‌स कारचे मूळ इंजिन सुधारून तिची ताकद वाढवावी, की ते उतरवून त्याजागी दुसऱ्याच गाडीचे नवे इंजिन बसवावे, हा प्रश्न भारतात हौशी मालकांपुरता मर्यादित राहिला नाही. एकच परदेशी आराखडा दशकानुदशके वापरणाऱ्या येथील कारखान्यांनाही तो सोडवावा लागला आणि त्याचा सर्वांत बोधप्रद इतिहास मुंबईतील कुर्ल्यात घडला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे. तीच गाडी १९७२ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली, परंतु तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन मात्र कायम राहिले.

या इंजिनाचे घराणे थेट १९३७ च्या फियाट ५०८ सी या गाडीपर्यंत पोहोचते. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, ७५ मिलिमीटर ही मापे तेव्हाच ठरली होती. महायुद्ध संपताच पिएरो दुसिओ यांच्या चिसितालिया कंपनीने याच इंजिनावर डी ४६ ही शर्यतीची गाडी उभारली. तिचा आराखडा दान्ते जाकोसा यांचा होता आणि ५०८ सी या गाडीच्या घडणीतही त्यांचाच मोठा वाटा होता, म्हणजे इंजिनाची कुवत आतून जाणणाऱ्या माणसानेच ते सुधारायला घेतले होते. मूळचे जेमतेम ३२ अश्वशक्तीचे हे इंजिन डी ४६ मध्ये जवळपास दुप्पट ताकद देऊ लागले. याच घराण्याच्या इंजिनावर धावणारी चिसितालिया २०२ ही स्पोर्ट्‌स कार १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनात मांडली गेली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे इंजिन आणि कलाकृती मानली गेलेली ती गाडी यांचे हे नाते मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाही, ते ठाऊक असायला हवे.

ताकदीतील ही वाढ ज्या उपायांनी साधते ते आजही तेच आहेत. सिलिंडर हेडचा पृष्ठभाग किंचित घासून कमी केला, की पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा आक्रसते, इंधन व हवेचे मिश्रण अधिक दाबले जाते आणि त्याच इंधनातून अधिक काम मिळते. पिस्टन खाली असतानाची आणि वर आल्यावरची सिलिंडरमधील जागा यांच्या गुणोत्तरालाच कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. त्याच्या जोडीला मोठा किंवा दुहेरी कार्बोरेटर, मोकळा एक्झॉस्ट आणि व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट यांचा उपयोग होतो. मात्र या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा, तीनच मुख्य बेअरिंगांवर पेललेला असल्याने फेऱ्या फार वाढवल्या, की तो वाकू-थरथरू लागतो, आणि सुधारणेची सीमा तेथेच येते.

इंजिन बदलण्याचा मार्ग कारखान्यांनी स्वीकारला तो १९८० च्या दशकात. प्रीमियरने १९८५ मध्ये आणलेल्या ११८ एनई या गाडीचे शरीर फियाट १२४ चे होते, तर ११७१ घनसेंटिमीटरचे इंजिन निसानचे. हा बदल टिकला, याचे कारण इंजिनाबरोबर त्याला साजेसा गिअरबॉक्सही निसानचाच घेतला गेला. हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसाला आधी अँबॅसिडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते, जड अंगाच्या त्या गाडीला ते अपुरे पडले आणि इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावरच ती खऱ्या अर्थाने धावू लागली. याउलट मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने रोव्हरच्या देखण्या शरीरात आपले जुने १९९१ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवले, तेव्हा ‘स्टँडर्ड २०००’ अल्पावधीतच बंद पडली. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि सस्पेन्शन यांचा मेळ एकत्रित ठरवावा लागतो, हे या उदाहरणांतून दिसते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या पद्मिनीत केवळ दुप्पट ताकदीचे इंजिन बसवणे ही प्रगती नसून धोका आहे.

कायद्यानेही आता आपला कौल दिला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा ठामपणे अधोरेखित केली. सीएनजीसारख्या वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची मुभा तेवढी राहिली. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण चॅसी, बाह्यशरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसेल तरच. त्यामुळे उदाहरणार्थ, छत्तीसगडमधील एखाद्या मालकाला व्हिंटेज गाडीच्या नंबरपाटीवर राज्याच्या ‘सीजी’पुढे ‘व्हीए’ ही अक्षरे हवी असतील, तर परके इंजिन बसवून ती मिळणार नाहीत.

म्हणून इंजिनाच्या ब्लॉकला तडा जाऊन तो दुरुस्तीपलीकडे गेला नसेल, तोवर बोअरिंग, नवे पिस्टन-रिंग आणि जपून केलेले हेडचे काम हाच योग्य मार्ग ठरतो. इंजिन बदलावेच लागले, तर ते त्याच जातीचे असावे आणि परिवहन कार्यालयाच्या परवानगीने बसवावे, तसेच उतरवलेले मूळ इंजिन भंगारात न देता गाडीसोबत जपून ठेवावे.