वेदनेची साक्ष : एंडोमेट्रिओसिसच्या इतिहासाचे एक वाचन

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली रोग ओळखला गेला, पुढे औषध सापडले, आणि मानवजात एक पाऊल पुढे गेली. एंडोमेट्रिओसिसचा इतिहास या साच्यात बसत नाही. या रोगाला आजचे नाव मिळून शंभरएक वर्षे झाली. तरीही ब्रिटनमधील संसद सदस्यांच्या एका गटाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तेथील स्त्रीला निदान होईपर्यंत सरासरी आठ वर्षे लागत होती. शोध लागलेला रोग रुग्णापर्यंत पोहोचायला इतका उशीर का व्हावा, हा आमच्या मते वैद्यकाइतकाच वाचनाचाही प्रश्न आहे.

प्रथम रोगाविषयी. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती या रोगात गर्भाशयाबाहेर वाढते: अंडाशयांवर, उदरपोकळीच्या आवरणावर, कधी आतड्यांवर वा मूत्राशयावर. तीही संप्रेरकांना प्रतिसाद देते. त्यातून दाह होतो, व्रण उरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीच्या दिवसांत असह्य कळा, संभोगाच्या वा शौचाच्या वेळी वेदना, ओटीपोटात सततचे दुखणे, न सरणारा थकवा आणि पुष्कळदा वंध्यत्व ही त्याची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील १९ कोटी स्त्रिया व मुलींना तो आहे. असा रोग दुर्मीळ म्हणता येत नाही. तो दुर्लक्षित आहे.

गर्भाशयाबाहेर सापडणाऱ्या या ऊतीच्या पहिल्या वर्णनाचे श्रेय सामान्यतः व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्कीला (१८६०) दिले जाते. रोकिटान्स्की हा विकृतिशास्त्रज्ञ होता, शवविच्छेदनाच्या मेजावर रोग वाचणारा. पुढे बाल्टिमोरच्या थॉमस कलन याने या ऊतीची ठिकाणे तपशीलवार नोंदवली. अमेरिकेतल्याच ऑल्बनी येथील जॉन सॅम्पसन याने १९२१ साली अंडाशयावरील, जुन्या रक्ताने भरलेल्या ‘चॉकलेट’ गाठींचे वर्णन केले, आणि १९२७ साली आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला: पाळीचे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे उदरपोकळीत जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात. एंडोमेट्रिओसिस हे नावही त्याच्याच लेखनातून रूढ झाले. मात्र असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांत होतो, हे नंतर दिसून आले. मग रोग काहींनाच का होतो, याचे पूर्ण उत्तर आजही हाती नाही.

यानंतरचा अध्याय साहित्याच्या अभ्यासकाने थांबून वाचावा असा आहे. बॉस्टनचे प्रतिष्ठित शल्यविशारद जो मीग्ज यांनी १९४१ साली हा रोग उशिरा होणाऱ्या विवाहाशी व लांबणाऱ्या मातृत्वाशी जोडला. खाजगी, सुस्थितीतील रुग्णांत तो अधिक आढळतो, हा त्यांचा एक आधार होता. लवकर विवाह व लवकर अपत्य हा त्यांचा उपाय. पुढील काही दशकांत हा ‘नोकरी-करिअर करणाऱ्या स्त्रियांचा रोग’ म्हणून ओळखला जाऊ लागला. वस्तुतः त्या काळी पोट उघडून पाहिल्याखेरीज निदान होत नसे. तेव्हा ज्यांना शस्त्रक्रिया परवडे, त्यांच्यातच रोग सापडणे स्वाभाविक होते. १९७६ साली शिकागोचे डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी आपल्या कृष्णवर्णीय रुग्णांची दुर्बिणीतून तपासणी केली. ज्यांच्यावर श्रोणिदाहाचा, म्हणजे बहुधा लैंगिक संसर्गाचा शिक्का बसला होता, अशांपैकी २० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस होता. म्हणजे लक्षणे तीच, पण गोऱ्या सुशिक्षित स्त्रीच्या बाबतीत त्यांचा अर्थ महत्त्वाकांक्षा असा लावला गेला आणि काळ्या स्त्रीच्या बाबतीत स्वैरपणा. निदानाआधीच कथानक तयार होते.

या कथानकाची एक साक्षीदार कादंबरीकार हिलरी मँटेल. कायद्याची विद्यार्थिनी असताना ती वेदनेची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवली गेली. तिला मनोविकारावरची औषधे देण्यात आली, लेखन करू नये असेही सुचवण्यात आले. पुढे बोट्स्वानात राहत असताना वैद्यकाचे एक पाठ्यपुस्तक वाचून तिने आपले निदान स्वतःच केले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लंडनमध्ये शस्त्रक्रिया होऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढले गेले. तरीही रोग परतला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गिव्हिंग अप द घोस्ट’ या आत्मकथनात तिने हे सारे लिहिले आहे. आपल्याच शरीराची विश्वासार्ह निवेदक मानली न जाणे ही तिची खरी व्यथा होती, असे आम्हांस वाटते.

उपचारांच्या इतिहासातही ही सावली दिसते. १९५८ साली रॉबर्ट किस्टनर यांनी संप्रेरकांच्या गोळ्यांनी ‘आभासी गर्भावस्था’ निर्माण करण्याचा मार्ग सुचवला. १९७०च्या दशकात आलेल्या डॅनॅझॉलने वेदना कमी होत, पण आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर केस येणे अशी किंमत काहींना मोजावी लागे. आज वेदनाशामके, संप्रेरके आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. कायमचा इलाज नाही. दुर्बिणीतून दिसणारा रोगाचा विस्तार आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसतोच असे नाही, हेही आता मान्य झाले आहे: चार ठिपके असलेली स्त्री अंथरुणाला खिळू शकते, तर गाठी असलेलीला काहीच जाणवत नाही. १९८० साली अमेरिकेतील मिल्वॉकी येथे रुग्ण स्त्रियांनीच संघटना उभारली, ती या विसंगतीतूनच आलेल्या एकाकीपणाला उत्तर म्हणून.

या साऱ्यात २०२२ हे वर्ष आम्हांस महत्त्वाचे वाटते. त्या वर्षीच्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा निदानाचा सर्वोच्च निकष मानणे सोडले. सोनोग्राफी, एमआरआय आणि रुग्णेची हकिकत यांवरून उपचार सुरू करता येतात. तपासणीत काही दिसले नाही म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. केवळ उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ‘लग्न झाले, एक मूल झाले की थांबेल’ हे आपल्या घरांतले वाक्य मीग्ज यांचे नाव न ऐकताही त्यांच्याच बाजूने बोलत आले आहे. त्याला मिळालेले हे उत्तर.

एक सावधगिरी मात्र हवी. चरकसंहितेतील ‘उदावर्तिनी’ ही योनिव्यापद, किंवा युरोपातला ‘हिस्टेरिया’, हे सारे मुळात एंडोमेट्रिओसिसच होते असे म्हणण्याचा मोह होतो. २०१२ साली नेझात व सहकाऱ्यांनी हिस्टेरियाबाबत तसा युक्तिवाद केलाही. परंतु मृत स्त्रियांवर नवे निदान लादणे म्हणजे पुन्हा त्यांच्या वतीने आपणच बोलणे. त्यापेक्षा, आज जी पोट धरून समोर बसली आहे तिचे वाक्य अर्ध्यावर न तोडता ऐकणे अधिक अवघड आहे, आणि अधिक उपयोगाचेही.