उपवासकाळाची पूर्वतयारी

कॅथलिक ख्रिस्ती उपवासकाळ (प्रायश्चित्तकाळ) राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि पवित्र गुरुवारी सायंकाळच्या मिस्सेपूर्वी संपतो. या काळात शिरण्याआधी मन तयार करण्यासाठी प्रार्थना, आत्मपरीक्षण आणि समेट यांची एक जुनी परंपरा आहे. ती बाजूला ठेवली तर उपवास केवळ पथ्य बनतो. राखेच्या बुधवारच्या पहिल्या वाचनात योएल संदेष्टा अंगावरचे वस्त्र नव्हे तर अंतःकरण फाडायला सांगतो. त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात (मत्तय 6) दान, प्रार्थना आणि उपवास लोकांच्या नजरेआड करा, असे येशू बजावतो.

चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख निकेआच्या धर्मपरिषदेच्या (325) पाचव्या नियमात आढळतो. येशूचे अरण्यातील चाळीस दिवस हा त्याचा आधार. रविवारी उपवास नसल्याने सहा आठवड्यांत उपवासाचे 36 दिवसच भरत. ते 40 व्हावेत म्हणून आधीचे चार दिवस जोडले गेले आणि आरंभ बुधवारवर आला. रोमन उपासनेत त्याही आधीचे तीन रविवार पूर्वतयारीचे मानले जात. धर्मगुरू जांभळी वस्त्रे घालत आणि उपासनेतून ‘आलेलुया’ हा जयघोष थांबे. फ्रान्समधील तूल येथे मध्ययुगात गायकमुले मातीचे ढेकूळ मिरवणुकीने नेऊन या आलेलुयाचे रीतसर दफन करीत. पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत 1969 मध्ये झालेल्या सुधारणेत हे तीन रविवार दिनदर्शिकेतून वगळले गेले. उपासनावर्ष त्यामुळे सुटसुटीत झाले, पण तयारीसाठी राखलेला सामूहिक अवकाशही गेला. आज ती तयारी बहुतांशी ज्याची त्यानेच करायची असते.

अशी एकट्याने तयारी करणाऱ्याला सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांची नियमावली अजूनही उत्तम वाट दाखवते. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयाला एक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचावा, असे 48 व्या प्रकरणात म्हटले आहे. पुढच्या प्रकरणात अन्न, पेय, झोप, गप्पा आणि थट्टामस्करी यांत स्वेच्छेने काहीतरी कमी करायला सांगितले आहे, तेही कष्टी होऊन नव्हे, तर ईस्टरची आनंदाने वाट पाहत. मात्र आपला संकल्प आधी मठाधिपतीला सांगून त्याची संमती घ्यायची. परस्पर केलेले व्रत बेनेडिक्ट गर्वात जमा करतात. ही अट फार शहाणपणाची आहे. आपल्याला नेमके काय सोडायला हवे, हे पुष्कळदा आपल्यापेक्षा आपला मार्गदर्शक अधिक जाणतो. स्वतःहून निवडलेला त्याग बहुधा सोपा तरी असतो, नाहीतर मिरवण्याजोगा.

आत्मपरीक्षणाची सर्वांत प्रचलित रीत संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या ग्रंथातील आहे. प्रथम देवाचे आभार मानायचे, मग पाप ओळखण्याची कृपा मागायची, दिवसाचा प्रहराप्रहराने आढावा घ्यायचा, क्षमा मागायची आणि सुधारणेचा निश्चय करायचा. आरंभ कृतज्ञतेने होतो, ही या क्रमातली मोलाची गोष्ट. देवाने काय दिले हे आठवलेला माणूस आपल्या चुकांकडे धास्तीने पाहत नाही. सोबतीला प्रायश्चित्ताची सात स्तोत्रे (6, 32, 38, 51, 102, 130 आणि 143) म्हणण्याची प्रथा आहे. त्यांत 51 वे विशेष प्रिय. या परीक्षणाची स्वाभाविक परिणती म्हणजे धर्मगुरूंजवळ केलेले पापनिवेदन. वर्षातून किमान एकदा ते करावे, असा नियम लॅटरनच्या चौथ्या परिषदेने 1215 मध्ये घातला.

बाह्य नियम आज मोजके आहेत. 1983 च्या धर्मविधिसंहितेनुसार राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत उपवास, तर 14 वर्षे पूर्ण झालेल्यांना मांसवर्ज्य बंधनकारक आहे. उपवास म्हणजे एक वेळ पूर्ण जेवण आणि हवे तर दोनदा थोडेसे खाणे.

राखेच्या बुधवारी आरंभ ही लॅटिन (रोमन) परंपरेची रीत; पौर्वात्य कॅथलिकांत उपवासकाळाचा आरंभ सोमवारी होतो. बायझंटाइन परंपरेत आदल्या रविवारच्या सायंप्रार्थनेत उपासक एकमेकांसमोर वाकून क्षमा मागतात. माणसांशी समेट न करता देवाकडे जाता येत नाही, हे याहून स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. मूळच्या केरळातील सिरो-मलबार परंपरेतही प्रारंभ सोमवारीच. मुंबई परिसर सामावणारा या परंपरेचा कल्याण धर्मप्रांत 1988 मध्ये स्थापन झाला. त्यामुळे तिथे शेजारी राहणाऱ्या दोन कॅथलिक कुटुंबांचा उपवासकाळ दोन वेगळ्या दिवशी सुरू होऊ शकतो.

लॅटिन परंपरेच्या चर्चमध्ये, म्हणून वसईतही, कपाळी लावायची राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात. घरात वर्षभर जपलेली झावळी चर्चमध्ये आणून देणे ही तयारीची पहिली कृती ठरते. मराठीत चिंतन करणाऱ्यांना वाचनासाठी साहित्याची वाण नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे 11,000 ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे प्रथम छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे चरित्र आणि दुःखसहन येते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे, आणि बेनेडिक्ट यांनी सांगितलेल्या सलग वाचनासाठी त्यातले एक शुभवर्तमान चाळीस दिवसांना सहज पुरते.