मरळ, चिलापी आणि आम्ही

इतिहास म्हटला की वसईकराची छाती दोन इंच फुगते. पाहुणा आला की आम्ही त्याला किल्ला दाखवतो, चिमाजी अप्पा सांगतो, १७३९ साल सांगतो आणि सुकेळी खायला घालून परत पाठवतो. किल्ल्याचा इतिहास लिहायला विद्वान पुष्कळ आहेत. पण आमच्या तळ्यांतून गेल्या शंभर वर्षांत जी राज्यं बुडाली आणि जी उदयाला आली, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तो विषय अस्मादिकांनी हाती घेतला आहे. माझा अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. माशांवर बोलण्याचा अधिकार खाण्यातून येतो असं माझं मत आहे, आणि त्या बाबतीत माझा अभ्यास दांडगा आहे.

सुरुवात अशोकापासून करावी लागेल. इलाज नाही; सोपाऱ्याशेजारी राहणाऱ्या माणसाला त्याच्या अलीकडून सुरुवात करताच येत नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्यात बुरुड राजाच्या कोटाचं उत्खनन करत होते. त्याच सुमाराला भातेला तलावाजवळ त्यांना अशोकाच्या आठव्या आज्ञापत्राचा एक तुकडा सापडला. या आठव्या आज्ञापत्रात सम्राट म्हणतात, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, तिथे शिकार आणि तसल्याच करमणुकी चालत. मी मात्र आता धर्मयात्रा करतो. म्हणजे शिकारीच्या छंदाला नाक मुरडणारी सरकारी पाटी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आमच्या गावात लागली होती! हल्ली तळ्याकाठी ‘मासे पकडण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी असते आणि तिच्याच खांबाला टेकून दोघं-तिघं गळ टाकून बसलेले असतात. अशोकाच्या पाटीचंही तेच झालं असावं. उगाच का ती फुटून तळ्याशी पडेल?

पुढच्या राजांनी तर ती वाचलीच नाही. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर तिसरा या चालुक्य राजाच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे. हा राजा कल्याणीचा, बिदरकडच्या. आमच्या लोकलच्या कल्याणचा नव्हे. गळ, दोरी, आमिष, कुठल्या माशाला काय चारावं, सगळं त्यात बैजवार आहे. राजाला राज्यकारभार सोडून तासन्‌तास पाण्याकडे बघत बसावंसं वाटलं, याचा मला फार दिलासा वाटतो. आमचे मामा हेच करत, तर मामी त्याला दुसरं नाव देई.

मग साहेब आला. त्याने माशांत जाती पाडल्या. जो मासा गळाला लागल्यावर झुंजतो, दमवतो, तो ‘गेम फिश’. बाकीचे नुसते मासे. १९३२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सर रेजिनाल्ड स्पेन्स आणि प्रेटर या जोडीने मुंबई आणि दख्खनच्या गेम फिशवर लेख लिहिला. आम्हा मंडळींची कसोटी निराळी. गळावर झुंजला काय नि नाही काय, कालवणात कसा वागतो ते बघायचं. तरीसुद्धा साहेबाच्या आणि मामांच्या, दोघांच्याही परीक्षेत पहिल्या वर्गात उतरणारे मासे दोन. एक जिताडा आणि दुसरी मरळ.

साहेब ज्याला ‘एशियन सी बास’ म्हणतो आणि ऑस्ट्रेलियात ज्याला बारामुंडी म्हणतात, तोच आपला जिताडा. खाडीमुखाशी जन्मतो, भरतीच्या पाण्याबरोबर आत शिरतो, खाजणात, खाचरात, गोड्या पाण्यातही मजेत वाढतो. रायगडात तर अलिबाग-पेणकडे घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळायची रीतच आहे. या माशाचं आणखी एक वैशिष्ट्य: जन्मतो तो नर म्हणून आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे ऐन तारुण्यात रावसाहेब आणि उतारवयात आजीबाई. हे मी घरी सांगितलं तेव्हा, “तुमच्यात तेवढी अक्कल असती तर!” असा अभिप्राय मिळाला.

पण जिताडा झाला खाडीचा पाहुणा. तळ्याची मालकीण मरळ. ती समजायची तर आधी आमचं बावखल समजलं पाहिजे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाड्यांमधून जी लहान-मोठी तळी असत, ती बावखले. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं आणि भोवतालच्या विहिरी गोड राखायचं. काठावर केळी, नारळ, अळू. कडेच्या पाण्यात गवत आणि शेवाळ. या कडेच्या गवतातच मरळीचं घरटं. मासा असून घरटं बांधतो आणि आई-बाप दोघंही पोरांवर पहारा देतात. पोरं तांबूस रंगाची, शेकड्यांनी एकत्र फिरणारी. लांबून पाण्यावर कुंकू सांडल्यासारखं दिसे. मामा तसं झुंबड असलेलं बावखल सोडून पुढे जात. “लेकुरवाळी आहे रे,” म्हणत. मामांचं धर्माचरण एवढ्यापुरतंच होतं.

आणि वलगण! हा शब्द ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या तोंडाला आत्ता पाणी सुटलं असेल. पहिला दणकून पाऊस झाला, शेतातून ओहोळ वाहू लागले, की तळ्यातले नि खाडीकडचे मासे उलट्या प्रवाहाने अंडी घालायला शेतात चढत. खवली, शिंगट्या, मरळ. रात्री बत्ती, टोपली आणि अर्धी चड्डी एवढ्या सामग्रीवर सारा गाव बाहेर. आता विचार केला तर प्रकार क्रूरच, बाळंतिणीलाच वाटेत गाठायचं. पण चढणारे इतके असत, की आम्ही यथेच्छ हात मारूनही पुढल्या वर्षी वलगण चढतच असे.

तर हे झालं मूळ राज्य. आता परचक्रं बघा. गंमत म्हणजे यातलं बहुतेक प्रत्येक परचक्र लोककल्याणासाठी आलं.

पहिलं हिवतापाच्या कारणाने. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ साली इटलीहून गॅम्ब्यूझिया हा टीचभर मासा भारतात आणला गेला. त्याचा भाऊबंद म्हणजे गप्पी. हे नाव त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून पडलं; मला लहानपणी वाटे, ते नुसते गप्पा मारतात म्हणून. अळ्या ते खातात हे खरं. पण पानात वाढलेलं तेवढंच खायचं, ही शिस्त माशांना कोण लावणार? दुसऱ्यांची अंडी-पिल्लंही ते चालवून घेतात.

दुसरी चिलापी. शाळेतलं नाव टिलापिया. मूळची पूर्व आफ्रिकेची. १९५२ साली भारतात आली ती गरिबाला स्वस्त प्रथिनं मिळावीत म्हणून. बाई अंडी आणि पिल्लं चक्क तोंडात सांभाळते, त्यामुळे शत्रूचं काही चालत नाही. दोन-तीन महिन्यांची झाली की संसाराला लागते आणि वर्षातून कितीदा तरी बाळंतीण होते. १९५९ साली तिचा आणखी प्रसार करू नये असं सरकारी पातळीवर ठरलंसुद्धा. तोवर चिलापीला ठराव वाचायला फुरसत नव्हती. गर्दी झाली की मग सगळ्याच खुरटतात. बोटभर काट्यांचं तळंच्या तळं तयार.

तिसरे आले रोहू, कटला आणि मृगळ. ही बंगालची भारदस्त मंडळी. यांचं एकच दुखणं: वाहत्या पुराशिवाय वीण होत नाही. तळ्यात कितीही वर्षं ठेवा, ब्रह्मचारी ते ब्रह्मचारी. पूर्वी बीज नद्यांच्या पुरातून गोळा करावं लागे. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांना संसाराला लावलं. केवढी मोठी गोष्ट! देशभर १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो याचसाठी. तळी भाडेपट्ट्याने घेणाऱ्या मच्छीमार संस्थांचं पोट यांच्यावर चालतं. दरसाल बीज सोडायचं, वाढवायचं, जाळं लावायचं. यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. बदलीवर आलेल्या सज्जन अधिकाऱ्यासारखे येतात आणि जातात.

चौथ्याची ओळख मला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये झाली. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्यात गेलं, गाड्या बंद पडल्या, ते तुम्हाला आठवत असेल. १० तारखेला, म्हणजे नेमक्या मत्स्यशेतकरी दिनी, आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीशी एक हातभर लांबीचा काळा, मिशाळ मासा वळवळत होता. मामांना खाली आणलं. ते हरखले, “अरे, मागूर! वलगण चढली!” मग चष्मा लावून वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला. आपला मागूर एवढा वाढत नाही. हा आफ्रिकन. कत्तलखान्याच्या टाकाऊ मालावर पोसला जाणारा, हवेतून श्वास घेणारा, ओल्या जमिनीवरून सरपटत तळं बदलणारा आणि सोबतच्या सगळ्यांना खाणारा. त्याच्या पैदाशीवर सरकारने १९९७ साली बंदी घातली. २०१८ साली तो आमचा जिना चढत होता.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, परक्यांनी घात केला. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं. सोपं असतं ते. पण हिशेब जुळत नाही. मरळ ही पक्की शिकारी. चिलापीची पिल्लं तिला पोह्यांसारखी. चिलापीचा सुळसुळाट आवरायला मत्स्यशेतीवाले मुद्दाम मरळ सोडतात. म्हणजे मरळीला शत्रूने हाकललेलं नाही. तिचं घर गेलं. बावखलांवर एकेक करून भराव पडला, त्यावर बंगले आणि इमारती उठल्या. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची वस्ती १२ लाखांच्या वर गेली. त्यांना राहायला जागा हवीच होती, त्यांत एक बिऱ्हाड माझंही. जी तळी वाचली त्यांतल्या कित्येकांचं सुशोभीकरण झालं. चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत, वर फरशी, बाकडी, दिवे. मीही संध्याकाळी तिथेच फेऱ्या मारतो. पण भिंतीला गवत नाही. गवत नाही तर घरटं नाही. चिलापी तळाच्या चिखलात खड्डा करून भागवते. शिवाय शेतं गेली, ओहोळांची गटारं झाली, भिंतीला दार कुणी ठेवलं नाही. वलगण चढणार कुठून आणि कुठे?

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीचा तो मान, आनंदच आहे. त्याच सुमाराला कळलं, की तेलंगणाने हा मान कधीच मरळीला देऊन टाकला आहे. ही बातमी मी मामांना वाचून दाखवली. मामा आता नव्वदीला टेकलेत, कमी ऐकतात; पण ‘मरळ’ शब्द बरोबर ऐकला. थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले,

“तिथे जायला वसईहून गाडी आहे का रे?”