वसतिगृहातली प्रार्थना आणि विद्यापीठाचा हुकूम

औरंगाबादच्या किलेअर्कातल्या शासकीय कला व विज्ञान महाविद्यालयात मी शिकलो आणि पुढे इतिहासही शिकवला. १९२३ साली हे महाविद्यालय उस्मानिया विद्यापीठाचे इंटरमीजिएट कॉलेज म्हणून सुरू झाले. शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. माध्यम उर्दू, आणि हुकूम हैदराबादहून सुटायचा.

१९३८ साल धामधुमीचे होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास इथल्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. गीत वादग्रस्त आहे, असे सांगून अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुले हटली नाहीत, संपावर गेली. संपाचे लोण हैदराबाद, गुलबर्ग्यापर्यंत गेले आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. कित्येक जण हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. ज्यांना गप्प करायचे होते, तेच विद्यापीठाने चळवळीला मिळवून दिले.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळावे म्हणून विद्यार्थी संघटना झुंजल्या. १९७८ साली विधिमंडळाने ठराव केला, तरी प्रत्यक्ष नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडला. आणि त्याच वर्षीच्या नव्या विद्यापीठ कायद्यात महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुकांना जागा उरली नाही. १९८९ मध्ये मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला होता. ती भीती खरी होती. पण उपाय असा निघाला की गुणपत्रिकेवर पहिला आलेला मुलगा वर्गाचा प्रतिनिधी ठरू लागला. मतपेटीच गेली.

२०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुका पुन्हा मान्य केल्या. २०१९ मध्ये त्या जाहीर झाल्या आणि विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या.

वसतिगृहात शिस्त राखणे हे विद्यापीठाचे कर्तव्यच आहे. गुंडगिरी करणाऱ्याला बाहेर काढावे, पैशाच्या वापराला चाप लावावा. पण मुलांनी कुणाला आपला प्रतिनिधी मानायचे, हे ठरवण्याचा अधिकार मुलांचाच आहे. अठराव्या वर्षी ज्याला आमदार निवडता येतो, त्याला वर्गाचा प्रतिनिधीही निवडता आला पाहिजे. कायद्यातली तरतूद आता अमलात आणावी.